ऑनलाइन शिक्षण आणि पाड्यावरील शाळा : शहापूर व मुरबाड तालुक्यांचा अनुभव

१. विषयाचे स्वरूप

शिक्षक एका ठिकाणी व विद्यार्थी दुसऱ्या ठिकाणी असून मोबाइल, संगणक किंवा दूरचित्रवाणी ह्यांसारख्या साधनाच्या द्वारे पाठ दिला जातो, तेव्हा त्यास सामान्यतः ऑनलाइन शिक्षण असे म्हणतात. बारकाईने पाहिल्यास ह्या एका नावाखाली चार निरनिराळ्या गोष्टी एकत्र आलेल्या आहेत, आणि त्यांतील भेद ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ गैरसमज झालेले आहेत. पहिली गोष्ट म्हणजे प्रत्यक्ष चालू असलेला तास दूर बसून पाहणे. ह्यास अखंड व वेगवान नेटवर्क लागते. दुसरी, आधी तयार करून ठेवलेला पाठ सवडीने पाहणे. हा पाठ एकदा मोबाइलमध्ये उतरवून घेतला की पुढे नेटवर्कची गरज राहत नाही. तिसरी, आकाशवाणी व दूरचित्रवाणी ह्यांवरून प्रसारित होणारा पाठ. तो एकाच वेळी लक्षावधी घरांत पोहोचतो, परंतु ऐकणाऱ्याला उलट प्रश्न विचारता येत नाही. चौथी गोष्ट म्हणजे शिक्षकाने स्वतःच्या अभ्यासासाठी व इतर शिक्षकांशी विचारविनिमय करण्यासाठी ह्या साधनांचा केलेला उपयोग. हा विद्यार्थ्याच्या दृष्टीस पडत नाही, तथापि त्याचा लाभ विद्यार्थ्यालाच होतो.

भारतासारख्या विकसनशील देशात ह्या चारही प्रकारांचा प्रसार इसवी सन २०१० नंतर झपाट्याने झाला. ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे दोन तालुके त्या प्रसाराच्या अभ्यासास विशेष उपयोगी आहेत. कारण नव्या साधनांचे यश आणि त्यांची मर्यादा ही दोन्ही येथे जवळजवळ पाहावयास मिळतात. सहा ते दहा वर्षे वयाच्या, पाड्यावर राहणाऱ्या मुलाला ह्या साधनांचा उपयोग केव्हा होतो आणि केव्हा होत नाही, एवढाच प्रश्न प्रस्तुत लेखात विचारासाठी घेतला आहे.

२. तालुक्यांची रचना

शहापूर तालुक्याचा संपूर्ण प्रदेश आणि मुरबाड तालुक्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. मुंबई–नाशिक महामार्ग व मध्य रेल्वेचा लोहमार्ग शहापूर तालुक्यातून जातात; वासिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी व कसारा ही स्थानके ह्याच लोहमार्गावर आहेत. मुरबाड तालुक्याची मुख्य वाहतूक कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याने चालते. ह्या मार्गांच्या लगतची गावे आणि सह्याद्रीच्या पायथ्याशी विखुरलेले पाडे ह्यांच्या परिस्थितीत मोठी तफावत आहे. मोबाइलच्या लहरी मनोऱ्यापासून बहुतांशी सरळ रेषेत जातात. डोंगराची सोंड आड आली की त्या क्षीण होतात. म्हणून बाजाराच्या गावी चांगला चालणारा मोबाइल दोन-तीन मैल आत गेल्यावर निरुपयोगी ठरतो, आणि एखाद्या पाड्यावर केवळ टेकडीवरील एका झाडाखालीच काय ती रेंज मिळते.

साधन जवळून गेले म्हणजे ते घरात पोहोचले असे होत नाही, ही गोष्ट येथील रहिवाशांस नव्याने सांगावयास नको. शहापूर तालुक्यातील तानसा व भातसा ह्या जलाशयांचे पाणी मुंबई शहरास जाते, आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. महामार्गाच्या कडेने जाणाऱ्या नेटवर्कच्या तारेचेही पुष्कळ अंशी तसेच आहे.

ह्या पाड्यांवर ठाकूर, कातकरी, महादेव कोळी व वारली समाजांची वस्ती आहे. त्यांपैकी कातकरी हा महाराष्ट्रातील विशेष दुर्बल म्हणून गणल्या गेलेल्या तीन आदिवासी समाजांपैकी एक होय. ह्या समाजातील अनेक कुटुंबे दिवाळीनंतर उचल घेऊन वीटभट्टीवर जातात आणि पावसाळा तोंडावर आला म्हणजे परततात. शाळेच्या वर्षाचा मोठा भाग ह्याच काळात येतो. शिवाय घरात बोलली जाणारी बोली आणि पाठ्यपुस्तकाची भाषा ह्यांत अंतर असल्यामुळे पहिलीत आलेल्या मुलाला प्रमाण मराठी ही प्रथम ऐकून समजून घ्यावी लागते. दूरच्या पाठाचा विचार करताना नेटवर्क, स्थलांतर व भाषा ह्या तिन्ही गोष्टी एकत्रच विचारात घ्याव्या लागतात.

३. पूर्वीचे प्रयत्न

मूल शाळेपर्यंत येऊ शकत नसेल तर शाळेने मुलापर्यंत जावे, हा विचार ह्या जिल्ह्याला नवीन नाही. ताराबाई मोडक ह्यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले व १९५७ साली ते कार्य कोसबाडच्या टेकडीवर नेले. ही दोन्ही ठिकाणे त्या काळी ठाणे जिल्ह्यात होती. १ ऑगस्ट २०१४ रोजी जिल्ह्याचे विभाजन झाल्यापासून ती पालघर जिल्ह्यात आहेत. ताराबाई व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ ह्यांनी बालवाडी पाड्यातील अंगणात नेली आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली. शाळेची इमारत हलविता येत नाही. परंतु शिक्षिका, चार खेळणी व गाणी हलविता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांच्या प्रयोगात मुलापर्यंत प्रथम जाणारी गोष्ट म्हणजे माणूस होती, आणि साधन त्याच्या हातात होते.

पुढे साधनांचा वेग वाढला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ ह्या काळात उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांना शैक्षणिक दूरचित्रवाणीचे कार्यक्रम दाखविण्याचा प्रयोग भारतात झाला. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. तथापि त्या अनुभवानंतर देशात शैक्षणिक दूरचित्रवाणीचे कार्य वाढले, आणि १९८४ साली पुण्यात 'बालचित्रवाणी' ही संस्था स्थापन झाली. तिने तयार केलेले मराठी कार्यक्रम अनेक वर्षे राज्यभर पाहिले गेले. २०१७ साली ती बंद करण्यात आली. उपग्रहाच्या त्या पहिल्या प्रयोगातील दूरचित्रवाणी संच घराघरांत नव्हते, ते सार्वजनिक जागी ठेवलेले होते. मुले एकत्र बसून पाहत व पाहिलेल्या गोष्टींविषयी बोलत. पुढे मोबाइल हातोहाती आला तेव्हा ही एकत्र बसण्याची रीत मागे पडली, आणि तिच्याबरोबर काय गेले हे पुष्कळ उशिरा लक्षात आले.

४. वर्गातील पडदा : पष्टेपाडा

शहापूर तालुक्यातील पष्टेपाडा येथील जिल्हा परिषद शाळा ही राज्यातील आरंभीच्या डिजिटल शाळांपैकी एक म्हणून प्रसिद्धीस आली. तेथील शिक्षक संदीप गुंड ह्यांनी ग्रामस्थांच्या साहाय्याने वर्गात संगणक, प्रक्षेपक व स्पर्शाने चालणारा फळा आणला. विजेचा भरवसा नसल्याने सौरऊर्जेचा अवलंब करण्यात आला. राज्यातील अनेक शिक्षक ही शाळा पाहून गेले आणि आपापल्या गावी लोकवर्गणीतून तसाच प्रयत्न करू लागले. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' ह्या शासन निर्णयानंतर अशा प्रयत्नांस राज्यभर चालना मिळाली.

पष्टेपाड्याच्या प्रयोगातील साधनांची चर्चा पुष्कळ झाली. त्याच्या रचनेकडे मात्र तितके लक्ष गेले नाही. तेथे पडदा वर्गात होता आणि शिक्षक पडद्याच्या शेजारी उभा होता. पाठ चालू असता मूल पुढे येऊन फळ्याला हात लावी, चुकल्यास शिक्षक तेथेच थांबवी, दुसरे मूल सुधारणा करी. चित्र, आवाज व हालचाल ह्यांमुळे समुद्र, आगगाडी किंवा हृदयाचे ठोके ह्या गोष्टी पाड्यावरील मुलाला प्रत्यक्षवत् दिसल्या; परंतु त्या दिसल्यानंतर काय समजले हे विचारणारे माणूस त्याच खोलीत होते.

ह्याच काळात पाठ्यपुस्तकांवरही नवे चिन्ह आले. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले ह्यांनी पुस्तकातील धड्यांना क्यूआर कोड जोडण्याचा उपक्रम केला. हा कोड म्हणजे काळ्या-पांढऱ्या चौकोनांचा एक ठसा असून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरला असता तो त्या धड्याशी संबंधित चित्रफीत किंवा कविता उघडून देतो. पुढे हे कोड राज्याच्या पाठ्यपुस्तकांत सर्वत्र छापले जाऊ लागले, आणि ५ सप्टेंबर २०१७ रोजी केंद्र शासनाने सुरू केलेल्या 'दीक्षा' ह्या व्यवस्थेशी ते जोडले गेले. ३ डिसेंबर २०२० रोजी डिसले ह्यांस जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला. परितेवाडीचे श्रेयही मूलतः पष्टेपाड्यासारखेच आहे : आपल्या वर्गातील मुलांना ओळखणाऱ्या शिक्षकाने साधन निवडले, आणि मग त्याचा प्रसार झाला.

५. शाळा बंद होत्या तो काळ

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे राज्यातील शाळा बंद झाल्या. वर्गातील पडदा वर्गातच राहिला व पाठ एकाएकी घरातील मोबाइलवर आला. राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने 'शाळा बंद, पण शिक्षण आहे' ह्या अभियानात व्हॉट्सॲपच्या द्वारे दैनिक अभ्यासमाला पाठविल्या. २० जुलै २०२० पासून सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' ही पहिली ते आठवीसाठी बालभारतीच्या पुस्तकांवर आधारलेली मालिका दाखविण्यात आली. केंद्र शासनाने त्याच महिन्यात 'प्रज्ञाता' ह्या मार्गदर्शक सूचना काढून पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दिवसाकाठी ३० ते ४५ मिनिटांचे अधिकात अधिक दोन ऑनलाइन तास असावेत, अशी मर्यादा घातली. मुलांच्या डोळ्यांच्या व मनाच्या आरोग्यासाठी ती मर्यादा योग्यच होती.

परंतु साधा हिशेब करून पाहावा. एका घरात शाळेत जाणारी तीन मुले आहेत व मोबाइल एकच आहे. प्रत्येकाचे पाऊण तासाचे दोन तास धरले तर मोबाइल रोज साडेचार तास घरी राहावयास हवा. तो मोबाइल बहुधा वडिलांचा असतो, आणि ते सकाळी कामावर जाताना तो बरोबर नेतात. सायंकाळी तो परत येतो तेव्हा त्यातील विद्युत्घट उतरलेला असतो. रिचार्जचे पैसे हा मजुरीतून होणारा वेगळा खर्च असतो. ह्या सर्वांतून वाट काढून मोबाइल मुलाच्या हाती आलाच, तर थोरल्या भावाला प्रथम, त्यानंतर धाकट्याला आणि शेवटी बहिणीला, असा क्रम पुष्कळ घरांत लागतो.

देशातील ग्रामीण भागाची 'असर' ही पाहणी ह्या हिशेबास पुष्टी देते. ज्यांच्या घरी स्मार्टफोन आहे अशा मुलांचे प्रमाण २०१८ साली ३६.५ टक्के होते. २०२१ साली ते ६७.६ टक्के झाले. म्हणजे तीन वर्षांत ते जवळजवळ दुप्पट झाले. तथापि घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांपैकी २६.१ टक्के मुलांना तो अभ्यासासाठी मुळीच मिळत नव्हता, आणि हवा तेव्हा मिळणारी मुले सुमारे २७ टक्केच होती. शाळेत जाणाऱ्या शंभर मुलांचा हिशेब मांडल्यास सुमारे अडुसष्ट मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, पन्नासांना तो कमीअधिक मिळत होता, आणि अभ्यासासाठी हवा तेव्हा हाती येणारी मुले अवघी अठरा होती. घरी साधन असणे आणि ते मुलाच्या हाती असणे ह्यांत इतके अंतर पडले.

ज्या ठिकाणी हे अंतर ओळखले गेले, तेथे अगदी साधी साधनेही उपयोगी पडली. शेजारच्या पालघर जिल्ह्यात दांडवळ परिसरात २०२० साली 'बोलकी शाळा' ह्या उपक्रमात स्वयंसेवक ध्वनिक्षेपक खांद्यावर घेऊन पाड्यापाड्यांत जात. ध्वनिमुद्रित पाठ मोकळ्या जागी लावला जाई व मुले अंतर राखून बसून तो ऐकत. त्यास नेटवर्क लागत नव्हते आणि प्रत्येक घरी मोबाइल असण्याचीही आवश्यकता नव्हती. पाठ व मूल ह्यांच्यामध्ये एक जिवंत माणूस मात्र होता.

ह्या काळाची सर्वांत मोठी झळ कोणास लागली, ह्याचा विचार गांभीर्याने करावा लागतो. जून २०२० मध्ये ज्या मुलाचे नाव पहिलीच्या हजेरीपटावर आले, त्याच्यासाठी ग्रामीण भागातील वर्ग उघडण्यास राज्यात १ डिसेंबर २०२१ पासून अनुमती मिळाली. म्हणजे दुसरीचे अर्धे वर्ष सरत आल्यावर ते मूल प्रथम शाळेत बसले. जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा काही दिवस बंद झाल्या. चौथीतील मुलाला वाचता येत होते, त्याचा सराव बुडाला. परंतु पहिलीतील मुलाच्या बाबतीत अक्षरओळखच व्हावयाची होती. ज्या घरात कोणीच शिकलेले नाही, त्या घरात ती पडद्यावरून होणे जवळजवळ अशक्य होते. ग्रामीण भारतात तिसरीतील ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, त्यांचे प्रमाण २०१८ साली २७.३ टक्के होते. २०२२ साली ते २०.५ टक्क्यांवर आले. शाळा प्रत्यक्ष सुरू झाल्यानंतर २०२४ साली ते पुन्हा २७.१ टक्क्यांपर्यंत चढले. ह्या चढउतारात घरातील मोबाइलची संख्या घटलेली नव्हती. वर्गातील शिक्षक काही काळ नव्हता व नंतर तो परत आला, हा मुख्य फरक होय.

६. लहान मूल शिकते कसे

असे का व्हावे, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. बेचाळिसातून सतरा वजा करावयाचे आहेत. तिसरीतील पुष्कळ मुले उत्तर पस्तीस लिहितात. दोनातून सात जात नाहीत हे त्यांच्या लक्षात येते. म्हणून ती सातातून दोन वजा करून पाच लिहितात आणि चारातून एक वजा करून तीन लिहितात. मुलाने आकडे नीट मांडले आहेत, वजाबाकीही केली आहे. चूक आहे ती दशक सोडवून घेण्याच्या कल्पनेत.

पडद्यावरील पाठ ही वजाबाकी अत्यंत सुबकपणे करून दाखवितो आणि पुढे जातो. मुलाच्या पाटीवर पस्तीस लिहिलेले आहेत हे त्यास दिसत नाही. मूल मान डोलाविते, पाठ संपतो, आणि चुकीची रीत पक्की होते. वर्गातील शिक्षकाची नजर पाटीवर जाते. तो काड्यांचे दहा-दहाचे चार गठ्ठे व दोन सुट्या काड्या मुलापुढे ठेवतो आणि सतरा काड्या मागतो. दोन सुट्या काड्यांतून सात देता येत नाहीत, म्हणून मुलाला एका गठ्ठ्याची दोरी सोडावी लागते. ती दोरी सोडताना जे समजते ते सांगून समजत नाही. पंचवीस काड्या शिल्लक राहतात आणि मूल स्वतःच पाटीवरचे उत्तर पुसते.

आपोआप गुण देणारी नवी साधने उत्तर चुकले एवढे सांगू शकतात, आणि त्यांपैकी काही चुकीचा प्रकारही ओळखतात. त्यांचा सरावासाठी उपयोग अवश्य करावा. परंतु नीट वाचता न येणाऱ्या मुलाला पडद्यावरील सूचनाच वाचता येत नाही, आणि घरी कातकरी किंवा ठाकरी बोली बोलणारे मूल 'वजा करा' ह्या शब्दांपाशीच अडते. तेथे त्याच्या बोलीतील शब्द उच्चारणारे माणूस लागते. संयुक्त राष्ट्रांच्या युनेस्को ह्या संस्थेने २०२३ च्या आपल्या जागतिक शिक्षण अहवालात तंत्रज्ञानाने शिक्षक व विद्यार्थी ह्यांच्या प्रत्यक्ष संबंधास साहाय्य करावे, त्याची जागा घेऊ नये, असा जो निष्कर्ष मांडला, त्याचे मर्म पाटीवरच्या ह्या एका वजाबाकीत आहे.

७. स्थलांतरित मूल आणि नेटवर्क

वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलाच्या बाबतीत ऑनलाइन शिक्षणाकडून मोठी अपेक्षा केली जाते. मूल कोठेही असले तरी पाठ त्याच्याबरोबर जाईल, अशी ती अपेक्षा आहे. प्रत्यक्षात भट्टीवरील झोपडीत विजेची सोय अपुरी असते, आईबाप पहाटेपासून गाऱ्यात राबतात, आणि मोठे मूल धाकट्याला सांभाळते. अशा ठिकाणी मोबाइलवर पाठविलेला पाठ उघडला जाण्याचा संभव थोडा असतो. ह्या जाणिवेनेच त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात १९९० च्या दशकात विधायक संसद ह्या संस्थेने वीटभट्ट्यांवरच 'भोंगाशाळा' चालविल्या. पुढे शिक्षण हमी कार्ड व हंगामी वसतिगृह ह्या शासकीय योजना आल्या.

तथापि नेटवर्कचा येथे एक खरा उपयोग आहे, आणि तो मुलापेक्षा शिक्षकांच्या हाती अधिक आहे. मुरबाड तालुक्यातील पाड्यावरून निघालेले कुटुंब कोणत्या भट्टीवर गेले हे कळताच मूळ शाळेच्या शिक्षकाने तेथील जवळच्या शाळेच्या शिक्षकास दूरध्वनी करावा. मुलाचे नाव, वय, इयत्ता, त्यास कोठवर वाचता येते, कोणती आकडेमोड येते आणि घरी कोणती बोली बोलली जाते, एवढा मजकूर मोबाइलवरून पाठवावा. ह्यास दोन मिनिटे व अत्यल्प नेटवर्क पुरते. मूल नव्या शाळेत गेल्यावर त्यास पहिल्या अक्षरापासून पुन्हा आरंभ करावा लागत नाही. मे महिन्यात ते परतते तेव्हा हीच माहिती उलट दिशेने यावी. चित्रफितींच्या मोठ्या भांडारापेक्षा अशी एक चिठ्ठी त्या मुलाचे वर्ष अधिक निश्चितपणे वाचविते.

८. ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

आतापर्यंतच्या विवेचनावरून काही व्यावहारिक गोष्टी निष्पन्न होतात.

(१) वर्गातील घरांची मोबाइलविषयक नोंद कुटुंबनिहाय न ठेवता मुलानिहाय ठेवावी. मोबाइल कोणाचा, तो घरी किती वाजता असतो आणि ह्या मुलाला किती वेळ मिळतो, हे विचारल्याशिवाय खरी स्थिती कळत नाही. मुलींची नोंद स्वतंत्रपणे पाहावी.

(२) जेथे रेंज नाही तेथे प्रत्यक्ष तासाचा आग्रह धरू नये. शिक्षकाने रेंज असलेल्या ठिकाणी पाठ उतरवून घ्यावा व शाळेत दाखवावा. प्रत्येक मुलाला स्वतंत्र पडदा असण्याची आवश्यकता नाही. पाच-सहा मुलांनी एका पडद्याभोवती बसून पाहिलेला पाठ अधिक चांगला समजतो, कारण ती एकमेकांशी बोलतात.

(३) लहान मुलांस चित्रफीत सलग दाखवू नये. दोन-तीन मिनिटांनी थांबवावी, पुढे काय होईल ते विचारावे, पाहिलेले त्यांच्या बोलीत सांगू द्यावे, आणि मगच पुढे जावे. शेवटी पाटीवर किंवा वहीत काहीतरी लिहून अथवा काढून घ्यावे. मुलाच्या हातून काही घडलेच नाही, तर पाठ झाला असे धरू नये.

(४) पाड्यावर दहावी-बारावी झालेला तरुण किंवा तरुणी, अंगणवाडी सेविका अथवा वाचता येणारी आई असेल तर सुटीच्या काळात मुलांना एकत्र बसविण्याचे काम त्यांच्याकडे विनंतीपूर्वक सोपवावे. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हा विषय घ्यावा.

(५) मोबाइलवर येणारे गुप्त क्रमांक कोणास सांगू नयेत, अनोळखी दुवे उघडू नयेत, मुलांची छायाचित्रे सार्वजनिक गटांवर टाकू नयेत, हे पालकांस व मोठ्या मुलांस वारंवार समजावून द्यावे.

(६) शिक्षकाने स्वतःसाठी ह्या साधनांचा भरपूर उपयोग करावा. डोंगराआडच्या दोनशिक्षकी शाळेतील शिक्षकाला पूर्वी नवी पद्धत पाहण्यासाठी शिक्षण परिषदेची वाट पाहावी लागे. आता दुसऱ्या तालुक्यातील शिक्षकाने अपूर्णांक कसे शिकविले हे तो रात्री पाहू शकतो व सकाळी आपल्या वर्गात करून पाहू शकतो. ऑनलाइन शिक्षणाचा हा लाभ सर्वांत कमी खर्चाचा आहे आणि त्यास मुलाच्या घरी मोबाइल असण्याची अट नाही.

९. समारोप

मुरबाड तालुक्यातील फांगणे येथे ८ मार्च २०१६ रोजी 'आजीबाईंची शाळा' सुरू झाली. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर ह्यांच्या कल्पनेतून व मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टच्या साहाय्याने उभ्या राहिलेल्या ह्या शाळेत साठी ओलांडलेल्या स्त्रिया पाटी घेऊन बसल्या आणि आपले नाव लिहावयास शिकल्या. त्यांस शिकविणारी गावातीलच सून होती. ज्या वयात शिकणे संपले असे समाज मानतो त्या वयात अक्षरे आली, ह्याचे कारण साधनांत शोधावयास गेल्यास पाटी, खडू व फळा ह्यांपलीकडे फारसे काही सापडत नाही. ओळखीचे माणूस रोज ठरल्या वेळी समोर बसत होते.

ह्यावरून नवी साधने नकोत असा अर्थ मात्र कोणी काढू नये. पाड्यावरील मुलाला जग दाखविण्याची त्यांची शक्ती मोठी आहे, आणि शहरातील मुलाला जे मिळते ते डोंगराआडच्या मुलालाही मिळावे हा त्याचा हक्क आहे. रस्ता, वीज व नेटवर्क ह्यांची मागणी चालूच राहिली पाहिजे. परंतु ती पूर्ण झाल्यावरही पडदा व मूल ह्यांच्यामधील शेवटचे हातभर अंतर शिक्षकालाच भरून काढावे लागेल.

जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेली मुले जून २०२५ मध्ये सहावीत आली. त्यांपैकी कोणी अजूनही अडखळत वाचत असेल, तर ते मूल मंद आहे असे समजू नये. त्याची पहिली व दुसरी घ्यावयाची राहिलेली आहे. अशा मुलांची यादी प्रत्येक वर्गशिक्षकाने करावी, रोज अर्धा तास त्यांच्याजवळ बसावे, आणि हाताशी असलेले प्रत्येक साधन, मग ते काड्यांचा गठ्ठा असो वा मोबाइलमधील गोष्ट असो, त्यांच्यासाठी वापरावे. महिन्याच्या अहवालात किती पाठ पाठविले हा आकडा येतोच. त्याच्या शेजारी त्या महिन्यात किती मुले नव्याने वाचू लागली, हाही आकडा लिहिला जावा.